जमीन ‘तात्पुरती’ नावावर करून देण्याआधी

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला धरून आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही घणसोलीत भाड्याने राहता, महापे येथे नोकरी करता आणि हातात ३८,००० रुपये पगार येतो. आईवडील, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले मुरबाड तालुक्यातील गावी चार एकर शेती करतात. तीन एकर भात आणि नाल्याकाठच्या एका एकरात भाजीपाला. सलग दोन वर्षे कापून ठेवलेला भात परतीच्या पावसाने खाचरातच भिजला. गावच्या सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचे ९०,००० रुपये थकले. एका खाजगी व्यक्तीकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने दोन लाख घेतले, त्याला वीस महिने झाले. बारा महिने व्याज दिले, नंतरचे आठ महिने जमले नाही. वहिनींच्या नावावर गटकर्जाचे हप्ते चालू आहेत आणि आईचे दागिने बँकेत तारण आहेत. आता ती खाजगी व्यक्ती म्हणते की एक एकराचे खरेदीखत करून द्या, व्याज थांबवतो, पैसे फेडलेत की जमीन परत तुमच्या नावावर करतो. हे होऊ द्यावे, एक एकर सरळ विकावी, की तुम्ही चार लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून सगळे देणे एकदाच मिटवावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत शेतीकर्जाचे काम केले, त्यातील बरीच वर्षे शहापूर आणि मुरबाड भागात, आणि निवृत्तीनंतर ठाण्यात राहतो. मी वकील नाही, त्यामुळे कागदावर सही करण्यापूर्वी तालुक्यातील एखाद्या वकिलाला तो दाखवावाच. परंतु तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिल्याचे उत्तर परिस्थितीवर मुळीच अवलंबून नाही. ते खरेदीखत करू नका.

त्याचे कारण त्या माणसाच्या हेतूत शोधण्याची गरज नाही. दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेले खरेदीखत म्हणजे विक्री; त्यात ‘पैसे परत दिल्यावर जमीन परत’ असे काहीही लिहिलेले नसते आणि तोंडी कबुलीच्या आधारे लेखी दस्त खोटा ठरवणे अतिशय कठीण असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये सशर्त विक्रीने गहाण हा प्रकार आहे, पण परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो गहाण मानला जातो. अट वेगळ्या स्टॅम्प पेपरवर लिहून देतो असे कोणी म्हणाले, तर तो कागद तुम्हाला समाधान देईल, जमीन देईलच असे नाही.

शहापूर तालुक्यातील एका कुटुंबाचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे. साठ हजारांसाठी त्यांनी असेच खरेदीखत करून दिले होते आणि घेणारा गृहस्थ खरोखर शब्दाचा पक्का होता. कुटुंब जमीन कसत राहिले, तो दर वर्षी ठरलेली रक्कम घेत राहिला. सहाव्या वर्षी तो वारला. त्याच्या मुलांनी सातबारा पाहिला, त्यावर वडिलांचे नाव होते, आणि ‘आमच्या वडिलांनी ही जमीन विकत घेतली आहे’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते खोटेही बोलत नव्हते. पुढे त्या बाजूला महामार्गाची मोजणी सुरू झाली आणि मुलांनी जमीन तिसऱ्यालाच विकली.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण ती तुम्ही मांडली आहे त्याहून थोडी वेगळी आहे. घरातील सर्वांना, बहुधा तुम्हालाही, असे वाटते आहे की दोन वर्षे पावसाने मारले, एक वर्ष नीट पिकले की सगळे फिटेल. तो हिशेब एकदा कागदावर करून पाहा. आपल्याकडच्या पावसाळी भाताचे चांगल्या वर्षी एकरी दहा-बारा क्विंटल धरले, तर तीन एकरांत साधारण ३३ क्विंटल होतील. घरच्या सहा माणसांचे खाणे आणि बियाणे मिळून दहा क्विंटल बाजूला ठेवले, तर विकायला २३ क्विंटल उरतात. २०२५-२६ साठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. त्या दराने हाती ५४,४८७ रुपये येतील, आणि त्यातून नांगरणी, खत, लावणी-कापणीची मजुरी अजून वजा व्हायची आहे. खाजगी दोन लाखांचे नुसते व्याज मात्र वर्षाला ७२,००० रुपये आहे. म्हणजे पाऊस अगदी मनासारखा झाला, तरी तुमचा सगळा भात त्या एका कर्जाच्या व्याजालाही पुरणार नाही, मुद्दल तर दूरच. पाऊस हे घर अडचणीत येण्याचे कारण असेल, पण ते अडचणीतून बाहेर का येत नाही याचे कारण शेकडा तीन हे आहे. भाऊ कमी कष्ट करतो म्हणून हे झाले नाही, हे वडिलांना आणि विशेषतः भावाला याच आकड्यांनी दाखवून द्या. शब्दांनी पटणार नाही.

म्हणून सगळे देणे एकाच मापाने मोजू नका. दर वेगळा तर तातडी वेगळी. आईचे दागिने बँकेत असतील, पेढीवर नसतील, तर ते तिथे सुरक्षित आहेत असे समजा. व्याज भरून मुदत वाढवता येते. घरात सोने नसल्याचे दुःख मी समजतो, पण शेकडा तीनचे कर्ज उभे असताना दागिने सोडवणे हा चुकीचा क्रम आहे, आणि नेमका हाच क्रम बहुतेक घरांत लागतो, कारण पुढ्यात लग्नकार्य असते.

सोसायटीच्या ९०,००० कडे घरात सर्वांत कमी लक्ष गेले असणार, कारण सोसायटीचे काम पाहणारा गटसचिव दारात येऊन बसत नाही. वास्तविक ते तुमचे सर्वांत स्वस्त कर्ज आहे. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र आणि राज्य यांच्या व्याजसवलती मिळून शेतकऱ्याला शून्य टक्के पडते. ते थकले की सवलत जाते, त्याहून मोठे म्हणजे पुढचे कर्ज बंद होते, आणि मग जूनमध्ये बियाण्या-खतासाठी माणूस पुन्हा शेकडा तीनच्या दारात उभा राहतो. कर्जमाफीची वाट पाहत थकीत राहावे का, हा प्रश्न मला शाखेत दर हंगामाला विचारला जाई. २०१७ आणि २०१९ च्या माफीचा लाभ अनेकांना झाला हे खरे आहे. पण पात्रतेची तारीख आणि मर्यादा कोणालाच आधी ठाऊक नसते, आणि वाट पाहण्याच्या वर्षांत जे खाजगी कर्ज होते ते कोणतीही योजना माफ करत नाही. माझे मत स्पष्ट आहे, वाट पाहू नये. मात्र फेडण्यापूर्वी गटसचिवाला पुनर्गठनाबद्दल विचारा. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पीककर्जाचे मुदतकर्जात रूपांतर करता येते; नुकसान ५० टक्क्यांपर्यंत असल्यास दोन वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. अट अशी की आपत्तीच्या वेळी खाते आधीच थकीत नसावे. तुमचे खाते पहिल्या वर्षी थकले की दुसऱ्या, यावर हे ठरेल.

वहिनींच्या हप्त्यांबद्दल एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. बाईच्या नावावरचे कर्ज घरात सहसा पूर्ण सांगितले जात नाही. एक गट माहीत असतो, दुसरा नसतो. हे लपवणे लबाडीचे नसते, तर हप्त्याच्या दिवशी किराण्यातले पैसे काढून वेळ मारून नेण्याची ती सवय असते. भावाच्या किंवा सासऱ्यांच्या समोर विचारू नका, आईने किंवा तुमच्या पत्नीने निवांत विचारावे. एवढे मात्र वहिनींना आताच सांगा की वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कोणी दारात येऊ शकत नाही, आणि अपमानास्पद भाषेला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत जागा नाही.

खाजगी कर्जाचा हिशेब मांडताना प्रथम एवढे पाहा की त्या व्यक्तीकडे सावकारीचा परवाना आहे का. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात ते कळते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्यासाठी ठरवून दिलेला दर तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के आहे. तुमच्या भावाचा दर ३६ टक्के पडतो. बारा महिन्यांत त्याने ७२,००० रुपये दिले आहेत. १२ टक्क्यांनी वीस महिन्यांचे व्याज ४०,००० होते. म्हणजे कायद्याच्या मापाने तो मागे पडलेला नाही, उलट ३२,००० रुपये जास्तीचे गेले आहेत. परवाना नसेल, तर मुळात असा व्यवहार करणेच गुन्हा आहे, आणि कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. ती तरतूद आहे म्हणून खरेदीखत करून द्यायला हरकत नाही, असा अर्थ कृपया काढू नका. त्या चौकशीत अनेक वर्षे जातात आणि ‘हा व्यवहार कर्जाचाच होता’ हे दाखवण्याचे ओझे बहुधा तुमच्यावरच येते.

तक्रार करावी का? हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. गाव लहान आहे, ती व्यक्ती नात्यातली किंवा भावकीतली असू शकते, आणि उद्या आजारपणात रात्री गाडी तिचीच मागावी लागते. मी बहुतेक कुटुंबांना आधी बोलणी करायला सांगत असे, पण हिशेबाचा कागद हातात घेऊन आणि गावातील दोन जाणती माणसे सोबत घेऊन. व्याज रोख दिले असेल तर पुरावा कमी पडेल. मोबाइलवरून पाठवलेली प्रत्येक रक्कम मात्र बँकेच्या उताऱ्यात सापडते, तो आजच काढून घ्या. ती व्यक्ती बहुधा थकलेल्या व्याजाचे ४८,००० मिळवून २,४८,००० मागेल. तुम्ही मुद्दल दोन लाखांवर पूर्ण मिटवण्याचा आग्रह धरा, आणि त्याहून कमीवर मिटले तर उत्तमच. कर्ज घेताना भावाने कोरे धनादेश किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर दिला आहे का, हे त्याला विचारा. दिला असेल तर शेवटची रक्कम देतानाच तो परत हातात घ्यायचा आणि ‘पूर्ण येणे मिळाले’ असे लिहून घ्यायचे. पैसे गेले आणि धनादेश तिथेच राहिला, अशी प्रकरणे मी इतकी पाहिली आहेत की हे दोनदा लिहिले तरी जास्त होणार नाही.

याच ठिकाणी तुमच्या वैयक्तिक कर्जाचा विचार येतो. चार लाखांचे नको. वर्षाला १४ टक्के दर आणि चार वर्षांची मुदत धरली तर हप्ता जवळपास १०,९३० रुपये बसेल. घरभाडे देऊन उरलेल्या पैशांत तुमचाच संसार ओढाताणीत येईल आणि पुढच्या जूनमध्ये गावी पुन्हा पैसे लागतील तेव्हा द्यायला कोणीच उरणार नाही. पण फक्त दोन लाखांचे काढले, तर त्याच दराने हप्ता सुमारे ५,४६५ रुपये होतो. आज त्या खाजगी कर्जाचे नुसते व्याज महिन्याला ६,००० आहे, आणि ते कितीही वर्षे भरले तरी मुद्दल तसेच राहते. कमी रक्कम भरून चार वर्षांत कर्ज संपत असेल, तर शहरातील मुलाने नाव लावणे मला योग्य वाटते. तुमची नोकरी कायम असेल तरच. कंत्राटी असेल तर हा मार्ग सोडा आणि एक एकराचा विचार करा. शिवाय हप्त्याचा काही भाग भाजीच्या उत्पन्नातून भावाने द्यावा, मग तो दीड हजार का असेना. पूर्ण भार तुम्ही उचलला, तर भावाला आयुष्यभर उपकाराखाली राहावे लागते आणि तुमच्या घरातही दर महिन्याला त्या हप्त्याची आठवण निघते. हे मी माझ्याच घरी भोगले आहे, तपशील सांगत नाही.

जमीन विकणे हे पाप आहे असे मी मानत नाही. कर्जात बुडून चार एकर जाण्यापेक्षा विचारपूर्वक एक एकर विकून तीन वाचवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. परंतु तुम्ही लिहिले आहे की सातबारा आजोबांच्या नावावर आहे की वडिलांच्या, हे तुम्हाला नक्की माहीत नाही. मग आज तुम्हाला विकताही येत नाही, हे समजून घ्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, सोबत आठ अ (खात्यावरील एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. आजोबांचेच नाव असेल तर आधी वारस नोंद, आणि त्यात काका असतील तसेच आत्याही येतील. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद किंवा हस्तांतरणावर निर्बंध आहे का ते पाहा; आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बिगर-आदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देताच येत नाही.

विकायचीच झाली, तर घाईत आणि दलालाच्या सांगण्यावरून नको. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून या पट्ट्यात सातबारे विचारत फिरणाऱ्यांची कमी नाही, आणि अडचणीतील घर त्यांना गावातूनच कळते. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन मुखत्यारपत्र लिहून देऊ नका. नाल्याकाठचा तुकडा सर्वांत चांगला भाव आणेल म्हणून तोच विकण्याचा मोह होईल, पण घरात रोकड आणणारी जमीन तीच आहे. विकायची तर वरकस, म्हणजे उंचावरच्या हलक्या जमिनीच्या, बाजूची विका. आणि सगळीच विकून टाकण्याचा विचार घरात कोणाच्या मनात असेल तर लक्षात ठेवा की आपल्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, त्यामुळे एकदा पूर्ण बाहेर पडल्यावर परतीची वाट बंद होते.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. आपत्ती निधीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आहेत. तुमच्या तीन एकरांना, म्हणजे १.२ हेक्टरला, ते साधारण १०,२०० होतात. राज्य कधी त्यात भर घालते. ही रक्कम बियाण्या-खताला उपयोगी पडते, कर्जाला नाही. ती मिळण्यासाठी पंचनाम्यात नाव, ई-पीक पाहणीत भाताची नोंद, शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारशी जोडलेले खाते हवे; सातबारा आजोबांच्या नावावर राहिला असेल तर तुमच्या घरची मदत बहुधा तिथेच अडकली आहे. पीकविमा राज्यात २०२३ पासून एक रुपयात होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला; आता भाताला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आहे आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. तरीही भरावा.

उत्पन्नाच्या बाजूला भाजीच्या त्या एका एकरावर भर द्या. भात काढल्यावर ओलीवर वाल आणि पाणी टिकेल तोवर भेंडी-काकडी, हे आपल्या भागातील लोक पूर्वीपासून करत आले आहेत. पाणी मार्चपर्यंतच टिकते अशी तक्रार तुम्ही केलीच आहे. शेजारच्या शहापुरात भातसा, तानसा, वैतरणेची धरणे मुंबई-ठाण्याला पाणी देतात आणि धरणांच्या आसपासच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे मी नोकरीत दर वर्षी पाहिले. वाशीच्या बाजारात गोणी पाठवली तर गाडीभाडे, हमाली वजा होऊन हाती काय राहते याच्या पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेल्या हिशेबाच्या पावत्या, भावाकडून मागून घ्या आणि कल्याणच्या दराशी ताडून पाहा. तुमच्या इमारतीतील वीस घरांना थेट तांदूळ आणि भाजी देता आली, तर किलोमागे फरक पडेल, पण दर रविवारी ती वाटायला तुम्हीच असाल, याचा अंदाज घेऊनच हो म्हणा.

तुम्ही ओझरते लिहिले आहे की भाऊ हल्ली फोन उचलत नाही आणि ‘सगळे माझ्यामुळे झाले’ असे वहिनींना म्हणतो. बाकी सर्व कागद यानंतर येतात. त्याला एकटे राहू देऊ नका, फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा, आणि मरणाची भाषा त्याच्या तोंडून आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्याच्याशी पहिले बोलणे पैशांचे नसावे.

येत्या शनिवारी गावी जाताना वही, पेन आणि काढलेला सातबारा घेऊन जा. वही भावाने लिहावी, तुम्ही नाही. प्रत्येक देण्यापुढे रक्कम, दर, तारीख आणि तारण. तोपर्यंत त्या खाजगी व्यक्तीला एवढाच निरोप द्या की पुढील महिन्यात हिशेबाला बसू, कागद त्यानंतर पाहू. तो खरेदीखताची तारीख ठरवून मोकळा झाला असेल आणि घरी गाडी पाठवत असेल, तर वडिलांना किंवा भावाला त्या दिवशी निबंधक कार्यालयात जाऊ देऊ नका, रजा टाकावी लागली तरी चालेल.